चार आण्यांची कोंबडी

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्यानें रचली त्याच्या काळीं मोटारी नव्हत्या. असत्या, तर ‘जुनी गाडी पहावी घेऊन’ असें तिसरें कलम त्यानें तींत खास घातलें असतें, अशी आमची खात्री आहे. घर बांधतांना मनुष्यास गवंडी आणि सुतार कळतात, लग्नांत व्याही कळतात; जुनी गाडी घेतांना मात्र त्यास स्वतःचेंच घर कळतें. घरांत हिशेबी कोण, धीराचा कोण, कोणाला पैशाची भीति वाटते आणि कोणाला काळोखाची, हें सारें एका जुन्या गाडीभोंवतीं मंडळी उभीं राहिलीं असतां जितकें स्पष्ट दिसतें, तितकें गणपतीच्या आरतीस सारें घर जमलें असतांही दिसत नाहीं.

आमच्या वाट्यास दुसरीच एक म्हण आली. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!’ ज्यांच्या उंबऱ्याच्या आंत कोंबडीनें कधीं पाऊल ठेविलें नाहीं अशा घरांतूनही ही म्हण सर्रास चालते. आणि स्वस्तांत जुनी वस्तु घेणाऱ्याच्या तोंडावर ती फेंकण्याचा अधिकार प्रत्येक आप्तेष्टास जन्मतःच प्राप्त झालेला असतो. २०१९ सालच्या शरद् ऋतूंत आम्हीं एक अकरा वर्षांची हायब्रिड मोटार, तिची मुख्य बॅटरी अखेरच्या घटका मोजीत आहे हें पुरतें ठाऊक असतां, विकत घेतली. तेव्हां ही म्हण समक्ष, पत्रद्वारें आणि दूरध्वनीनें मिळून आम्हांस किती वेळां ऐकावी लागली ह्याची गणती नाहीं. म्हण खोटी नाहीं. परंतु ती ऐकविणारे लोक शेवटची बेरीज करावयास विसरतात, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि तेवढें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमचें बिऱ्हाड अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, डिट्रॉइट शहराच्या पश्चिमेस आहे. मोटारींच्या कारखान्यांनीं आणि त्यांतील इंजिनिअरांच्या नोकऱ्यांनीं ह्या भागांत पुष्कळ मराठी कुटुंबें आणून वसविलीं, त्यांपैकींच आमचें एक. आई, आम्ही उभयतां, धाकटे बंधु, त्यांची पत्नी आणि दोघां भावांचीं मिळून तीन मुलें, असें आठ माणसांचें घर एका चुलीवर चालतें. चूल विजेची असली तरी तिच्याभोंवतीं होणारा वाद अस्सल कोंकणी असतो.

ह्या शहरास पेट्रोलच्या मोटारीनें नांवलौकिक दिला. तथापि विजेच्या गाडीशींही त्याची ओळख जुनी आहे. हेन्री फोर्ड ह्यांची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं बाजारांत आली. पण त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः मात्र ‘डिट्रॉइट इलेक्ट्रिक’ नांवाच्या विजेच्या गाडींतून फिरत. त्यांची १९१४ सालची ती गाडी डिअरबॉर्नच्या संग्रहालयानें जतन करून ठेविली आहे. तिला हातानें फिरवावयाचा दांडा नको, धूर नाहीं, धडधड नाहीं. उणें असे तें एक बॅटरीचेंच. शिशाच्या बॅटरीऐवजीं एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी हवी असेल, तर गिऱ्हाइकानें जादा पैसे मोजावे, असा दस्तूर त्या काळींही होता. तेव्हां बॅटरीच्या खर्चावरून घरांत चर्चा होण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आमच्या घरानें ती केवळ पुढें चालविली असें म्हणतां येईल.

‘हायब्रिड’ म्हणजे संकर. हा शब्द ऐकून आमच्या आजोबांच्या कपाळास आठी पडली असती. पण यंत्रांच्या राज्यांत संकर गुणकारी ठरला आहे. पेट्रोल आणि वीज ह्यांचें लग्न लावण्याचा प्रयोग फर्डिनांड पोर्शे ह्यांनीं १९०० च्या सुमारासच केला होता. परंतु तो संसार खऱ्या अर्थानें मार्गास लागला, तो टोयोटा कंपनीनें १९९७ च्या डिसेंबरांत जपानमध्यें ‘प्रियस’ विकावयास काढली तेव्हांपासून. अमेरिकेंत ती २००० सालीं आली. आणि २००४ ते २००९ ह्या सालांतील तिची दुसरी पिढी इकडे घरोघर जाऊन पोंचली.

अशा गाडींत पेट्रोलचें एक इंजिन असतें, जोडीस विजेच्या मोटारी असतात, आणि मागील बैठकीच्या पाठीशीं मोठी बॅटरी असते. गाडी सुटतांना आणि हळू चालतांना ती वीज खर्चते. वेग आला कीं इंजिन खांदा देतें. आणि ब्रेक दाबला कीं, जी शक्ति एरवीं ब्रेक तापवून फुकट जाते, तिचीच वीज होऊन ती बॅटरींत परत जमा होते. काटकसरी गृहिणी रात्रीं उरलेल्या पोळ्यांचा सकाळीं कुस्करा करते, त्यांतलाच हा प्रकार. बाहेरून तार लावून वीज भरावी लागत नाहीं.

ह्या काटकसरीचें सारें रहस्य बॅटरींत असतें, आणि म्हातारपणही बहुधा प्रथम तिलाच येतें. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचेंच उदाहरण घेऊं. तींत निकेल-मेटल हायड्राइड जातीचे १६८ घट असतात. प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट, सहा घटांची एक पेटी, आणि अशा २८ पेट्या एकीपुढें एक सांखळीनें जोडल्या म्हणजे २०१.६ व्होल्टांचा दाब तयार होतो. जोडणी सांखळीची असल्यामुळें वीज प्रत्येक घटांतून गेलीच पाहिजे. एखादा थकला म्हणून त्यास वगळून पुढें जातां येत नाहीं. घट दुबळा झाला कीं तो लौकर भरतो, लौकर रिता होतो, अधिक तापतो, आणि शेजाऱ्यांसही तापवितो. मधोमध बसलेल्या पेट्यांस वारा कमी, म्हणून बहुधा त्याच आधीं आजारी पडतात. गाडींतील संगणक दोन दोन पेट्यांच्या चौदा जोड्यांवर अखंड नजर ठेवून असतो. एक जोडी इतरांच्या फार मागें पडूं लागली कीं तो चालकासमोर तांबडा त्रिकोण पेटवितो. सत्तावीस पेट्या धडधाकट असल्या तरी अठ्ठाविसावीच्या दुखण्यानें सारें घर अंथरूण धरतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास हें तत्त्व इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

शिवाय अशा गाडीस साध्या गाडीसारखा वेगळा स्टार्टर नसतो. इंजिनही हीच थोरली बॅटरी जागें करते. साध्या गाडीची बॅटरी गेली तर शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीस तारा जोडून वेळ निभावतां येते. हिची थोरली बॅटरी पुरती गेली, म्हणजे टांकी पेट्रोलनें काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाहीं. आतां, ह्यावरून सगळ्याच जुन्या बॅटऱ्या कुचकामी समजूं नयेत. अमेरिकेंतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ह्या ग्राहकांच्या मासिकानें २००२ सालची, दोन लक्ष मैलांहून अधिक चाललेली एक प्रियस २०११ सालीं तपासली, तेव्हां नव्या असतांना ती जात जितके मैल देई जवळजवळ तितकेच ती देत असल्याचें आढळलें. तात्पर्य, माणसांप्रमाणेंच ह्यांचेंही आहे: कोणी ऐशींत ताठ चालतो, कोणी पन्नाशींत काठी धरतो, आणि जन्मसाल पाहून तें सांगतां येत नाहीं.

आतां आमची गरज. २०१९ च्या उन्हाळ्यांत आमच्या बंधूंची नोकरी सुटली, आणि तिच्याबरोबर मिळालेली गाडीही कंपनीकडे परत गेली. त्याच सुमारास भावजयीस एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत रात्रपाळीचें काम मिळालें. रुग्णालय घरापासून चौतीस मैल, म्हणजे सुमारें पंचावन्न किलोमीटर. आठवड्यांतून चार रात्री जावयाचें. घरांत उरलेली एकुलती एक गाडी गॅलनास बावीस मैल देणारी, आणि ती आमच्या स्वतःच्या कामावर जाई. नवी गाडी घेण्याचे ते दिवस नव्हते. आणि वाटेल ती जुनी गाडी घेण्याचेही नव्हते. कारण त्याच वर्षाच्या जानेवारीअखेर इकडे पारा शून्याखालीं वीस अंशांच्याही पलीकडे उतरलेला होता. अशा रात्रीं मोकळ्या रस्त्यावर गाडी बंद पडणें ही गैरसोय नव्हे. तेथें प्रत्यक्ष जिवाशीं गांठ असते.

अशा वेळीं ती गाडी आमच्या पाहण्यांत आली. ती कोणत्या कारखान्याची हें आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. अकरा वर्षें इमानानें राबलेल्या प्राण्याचें म्हातारपण त्याच्या जन्मदात्याच्या माथीं मारणें आम्हांस अन्याय्य वाटतें. जातीनें मात्र वर वर्णिल्याप्रमाणेंच हायब्रिड. मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनीं प्रथमच सांगितलें कीं, तांबडा त्रिकोण लागतो, कारखान्याची हमी केव्हांच संपली आहे, आणि म्हणूनच किंमत अठराशें डॉलर. त्याच वयाच्या, परंतु दिवा न लागलेल्या गाड्यांस त्या वेळीं आमच्या भागांत अठ्ठेचाळीसशेंपर्यंत भाव मागत होते.

आमचे बंधु गाडीच्या परीक्षेस बसले, तें दृश्य पाहण्यासारखें होतें. नोकरी सुटल्यापासून त्यांच्या चालण्यांत जी एक प्रकारची ओशाळगत आली होती ती त्या दुपारपुरती नाहींशी झाली. त्यांनीं जमिनीवर आडवें पडून, विजेरी घेऊन, प्रथम गाडीचें पोट तपासलें. कारण इकडे हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठानें गंजलेला सांगाडा कोणत्याही बॅटरीनें बरा होत नाहीं. नंतर त्यांनीं बारा व्होल्टांची धाकटी बॅटरी मोजली. कारण कित्येकदां दोष धाकटीचा असतो आणि बोल थोरलीस लागतो. मग छोटें यंत्र जोडून त्यांनीं आम्हांस गाडी चालवावयास सांगितलें, आणि स्वतः आंकडे वाचीत बसले. चढावर जोर दिला कीं एक जोडी इतरांपेक्षां व्होल्टाहून अधिक खालीं जाई आणि गाडी सपाटीस लागली कीं एकदम वर येई. समोरच्या पडद्यावर बॅटरीची पातळी भरल्याची दिसे, आणि पांच मिनिटांत तळाशीं जाई. मागील पंखा घोंगावत होता. त्याची जाळी उघडली तों आंत कुत्र्याचे केस नमद्यासारखे दाटलेले! बॅटरीस थंड वारा पुरविणाऱ्या वाटेंतच हा बोळा बसला होता. बिचारी वर्षानुवर्षें गुदमरत असली पाहिजे. बंधूंनीं निकाल दिला: “दादा, इंजिन उत्तम, सांगाडा उत्तम, ब्रेक उत्तम. बॅटरी मात्र खरोखरच गेली आहे.”

ह्या ‘खरोखरच’ शब्दांत आमच्या मतें साऱ्या व्यवहाराचें मर्म होतें. जो गृहस्थ अठ्ठेचाळीसशें डॉलर देऊन दिवा न लागलेली गाडी घेतो, त्याच्याही गाडींतील बॅटरी अकरा वर्षांचीच असते. दिवा लागला नाहीं ह्याचा अर्थ रोग नाहीं असा नव्हे; निदान झालें नाहीं, एवढाच. शिवाय यंत्र लावून दिवा घटकाभर विझवितां येतो, आणि चार दिवस गाडी चालल्यावर तो पुन्हां लागतो, ही युक्ति सगळ्याच विकणाऱ्यांस ठाऊक नसली तरी कांहींना असते. म्हणजे ते जादा तीन हजार डॉलर पुष्कळदां आरोग्यासाठीं नसून केवळ मौनासाठीं मोजलेले असतात. आम्हीं निदान झालेला रोगी घेतला, आणि मौनाचे पैसे वांचविले. सौदा त्याच संध्याकाळीं झाला.

खरा प्रश्न त्यानंतर उद्भवला. मार्ग तीन होते. पहिला, नवी बॅटरी बसविणें. मजुरीसह खर्च सत्तावीसशें. दुसरा, जुन्या बॅटऱ्यांतील बऱ्या पेट्या निवडून जुळविलेली बॅटरी घेणें. खर्च अकराशें, हमी एक वर्षाची. तिसरा, आजारी जोडी तेवढी काढून तिच्या जागीं दोन जुन्या पण चांगल्या पेट्या घरींच बसविणें. खर्च शंभर डॉलरांच्या आंत. रात्रींचीं जेवणें झाल्यावर ह्यावर सभा भरली. आई एका बाजूस दुसऱ्या दिवशींच्या बिरड्यासाठीं वाल सोलीत बसली होती.

बंधूंचा कल अर्थातच तिसऱ्या मार्गाकडे होता, आणि त्यांची बाजू दुबळी नव्हती. दोनशें व्होल्टांचें काम जिवाचें आहे हें त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक होतें. त्यासाठीं मधली खिट्टी आधीं काढणें, नंतर कांहीं मिनिटें थांबणें, रबरी हातमोजे घालणें, हें सारें त्यांनीं टिपून ठेविलें होतें. “दादा, सव्वीस पेट्या चांगल्या असतांना सगळीच बॅटरी टाकून देणें म्हणजे एक दांत दुखतो म्हणून कवळी बसविण्यासारखें आहे,” असें ते म्हणाले. आईनें मान वर न करतांच सांगितलें, “अरे, जुनेरास ठिगळ लावलें तर ठिगळ टिकतें, फाटतें तें शेजारचें जुनेर.” विद्युत्शास्त्राचें एकही पुस्तक न वाचतां आई जें बोलली तें अक्षरशः खरें होतें. ताज्या पेट्या थकलेल्यांच्या ओळींत बसविल्या म्हणजे दोहोंचा मेळ बसत नाहीं. आज तिसरी पेटी बदलावी तों दोन महिन्यांनीं अकरावी मान टाकते. अशी डागडुजी करणाऱ्यांचा हा नेहमींचा अनुभव आहे.

परंतु वाद पेट्यांचा नव्हता, आणि हें तेथें बसलेल्या प्रत्येकास कळत होतें. चार महिने घरांत बसलेल्या कर्त्या पुरुषास त्या अठ्ठावीस पेट्यांत स्वतःचें काम दिसत होतें. घरचे सव्वीसशें डॉलर आपल्या हातांच्या कसबानें वांचविले, एवढें एक वाक्य त्यांस त्या दिवसांत स्वतःशीं म्हणावयाचें होतें. त्यांस ‘नको’ म्हणणें म्हणजे नुसती एक सूचना नाकारणें नव्हतें. आम्ही वडील भाऊ. निर्णय आमच्या तोंडून यावयाचा. आणि खरें सांगावयाचें तर पैशाच्या ओढीनें आमची नजरही स्वस्त मार्गांवरून हलत नव्हती. सभा बराच वेळ स्तब्ध होती.

शेवटीं, जिला ती गाडी चालवावयाची तीच बोलली. भावजय म्हणाली, “भाऊजी, ह्यांनीं दुरुस्त केलेल्या गाडींत मी निर्धास्त बसेन. पण रात्रीं दोन वाजतां बर्फांत ती थांबली, तर मला माझ्यापेक्षां ह्यांचीच काळजी अधिक वाटेल. हे जन्मभर म्हणत राहतील कीं, शंभर डॉलरांसाठीं मीं असें केलें. तें ओझें त्या गाडींत नको.”

ह्यावर बोलण्यासारखें कांहींच उरलें नाहीं. आम्हीं नवी बॅटरी घेण्याचें ठरविलें. त्या रात्रीं आम्हांस जें कळलें तें व्यवहाराच्या कोणत्याही हिशेबांत आम्हीं लिहिलेलें पाहिलें नव्हतें: काटकसर एकानें करावी आणि तिची जोखीम दुसऱ्यानें उचलावी, ही काटकसर नव्हे. तीच गाडी दिवसां दोन मैलांवरच्या बाजारापुरती लागती, आणि दुरुस्त करणाराच ती चालविता, तर शंभर डॉलरांची डागडुजी शहाणपणाची ठरती. वस्तु एकच, दोषही एकच; परंतु तींत कोण बसणार आणि कोणत्या वेळीं बसणार ह्यावर तिची किंमत बदलते.

बंधु दोन दिवस फारसे बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते आपण होऊन गाडीपाशीं गेले. पंखा सोडविला, वाऱ्याची सारी नळी धुऊन काढली, आणि पुढें आठवड्याभरानें नवी बॅटरी बसविण्याच्या दिवशीं कारागिराजवळ उभे राहण्याची परवानगी मिळविली. पेट्या जोडणाऱ्या जुन्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला होता, तो त्यांनींच दाखवून दिला. उतरविलेली बॅटरी टाकून द्यावयाची नसते. ती परत दिल्याबद्दल किंमतींत सूट मिळते, आणि तिच्यांतील निकेल पुन्हां उपयोगांत आणतां येतें. संध्याकाळीं गाडी घरीं आली, ती सिग्नलाशीं थांबली कीं इंजिन मुकाट्यानें विझत होतें. पूर्वीं तें कधीं विझतच नसे. आईनें चाकाखालीं नारळ फोडविला, आणि बंधूंच्या हातून फोडविला.

आतां बेरीज. गाडी अठराशें, बॅटरी मजुरीसह सत्तावीसशें, एकूण पंचेचाळीसशें. दिवा न लागलेल्या गाडीपेक्षां तीनशें कमी, आणि ते तीनशें बर्फांत चालणाऱ्या टायरांत गेले. म्हणजे किंमत अखेर तीच झाली. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ह्यांची बेरीज एक रुपया होते. आणि बाजारांतील तयार ताटही रुपयालाच होतें! भेद इतकाच कीं, आपल्या ताटांतील मसाला कालचा कीं आजचा हें आम्हांस ठाऊक होतें. वरकड लाभ पेट्रोलचा. वर्षाकाठीं चौदा हजार मैलांची ती येरझार जुन्या गाडीनें केली असती तर सुमारें ६४० गॅलन लागले असते. हिला गॅलनास पंचेचाळीस मैलांच्या हिशेबानें सुमारें ३१० लागत. त्या वेळच्या भावानें ही बचत वर्षास आठशें डॉलरांच्या घरांत जाई. कडक थंडींत मात्र ती कांहींशी घटे.

परंतु ह्या गाडीची खरी कसोटी आंकड्यांनीं झाली नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें कोरोनाची सांथ डिट्रॉइटवर कोसळली. महिनाअखेरीस मिशिगनांत लोकांस घरींच राहण्याचा हुकूम झाला. ज्यांस बाहेर पडणें भागच होतें त्यांत आमची भावजय होती. सारें शहर दारें लावून बसलें असतां ही एक गाडी रात्रीं नऊ वाजतां आमच्या अंगणांतून निघे, आणि सकाळीं आठाच्या सुमारास परत येई. त्या दिवसांत प्रयोगशाळेस सुटी नव्हती, आणि चार रात्रींच्या कधीं पांच, कधीं सहा होत. घरांत प्रत्येकास शंभर गोष्टींची भीति वाटत असे. पण ‘गाडी वाटेंत थांबेल काय’ ही भीति त्या शंभरांत नव्हती. एक भीति कमी असणें ह्याचें मोल किती, हें त्या वसंत ऋतूंत आम्हांस कळलें. त्यासाठीं दिलेले सत्तावीसशें डॉलर कोणी परत देऊं केले असते, तरी आम्हीं ते घेतले नसते.

बंधूंच्या नोकरीचा शोध त्या सांथींत आणखी लांबला. पण दर रविवारीं ते गाडीपाशीं तासभर घालवीत. पंख्याची जाळी झाडीत, टायरांतील हवा पाहत, आंकडे वहींत टिपीत. पुढें अशा गाड्यांखालून धूर शुद्ध करणारें भांडें, आंतील मौल्यवान धातूंसाठीं, कापून नेणाऱ्या चोरांचा इकडे सुळसुळाट झाला, तेव्हां त्यांनीं स्वतः पत्रा कापून खालून ढाल बसविली. बॅटरी त्यांनीं बसविली नाहीं हें खरें. पण ती गाडी चालली ती त्यांच्या हाताखालीं, आणि घरांत तिला ‘काकांची गाडी’ असेंच नांव पडलें. २०२१ सालीं त्यांस नोकरी लागली, आणि २०२३ सालीं ती गाडी आम्हीं एका विद्यार्थ्यास विकली. बंधूंनीं त्याच्या हातीं किल्लीबरोबर ती वहीही ठेविली, आणि इन्व्हर्टर थंड ठेवणारा लहान पंप आतां जुना झाला आहे, तो वर्षाच्या आंत बदलावा, असें न विचारतां सांगितलें. विद्यार्थ्यानें त्यापायीं दोनशें डॉलर कमी केले. ते गेल्याचें आमच्या घरांत कोणास वाईट वाटलें नाहीं.

हा सारा वृत्तांत परदेशचा असला, तरी स्वदेशींच्या वाचकांस तो फार काळ परका राहील असें आम्हांस वाटत नाहीं. भारतांत २०२२ सालीं ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस अशा हायब्रिड गाड्या एकामागून एक निघाल्या, आणि त्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. टोयोटानें तेथें बॅटरीस आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, ह्यांपैकीं जें आधीं भरेल तोंवरची हमी दिली आहे. तेव्हां २०३० च्या सुमारास त्यांतील पहिल्या गाड्या हमीचें छत्र सोडून जुन्या बाजारांत उतरतील, आणि एखाद्या सदाशिव पेठेंतील बैठकींत अशीच सभा भरेल. कोणी स्वस्त किंमतीनें हुरळेल, कोणी म्हण ऐकवील. त्या सभेस आमचा सल्ला एवढाच: बॅटरीची किंमत गाडीच्या किंमतींत प्रथमच मिळवून पहावी, तपासणीचे चार पैसे देतांना हात आंखडूं नये, पंख्याची जाळी उघडून पहावी, आणि जी व्यक्ति ती गाडी चालविणार, तिचें मत शेवटीं न विचारतां सर्वांआधीं विचारावें.

म्हण ऐकविणारांवर आमचा राग नाहीं. त्यांस आम्ही आतां एवढेंच विचारतों कीं, मसाला बारा आण्यांचा खरा. पण जेवावयास कोण बसणार होतें? त्या प्रश्नाचें उत्तर ज्यास ठाऊक आहे, त्यास कोंबडी किती आण्यांची पडली ह्याची फारशी क्षिति वाटत नाहीं.